शिवड्यासाठी दोर

जाळं वर आलं तेव्हा त्याला माणूस आरपार जाईल एवढं भगदाड पडलेलं होतं. नानासोनं ते दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि भगदाडातून पलीकडच्या बिरदेवाकडं बघितलं. बिरदेवाची मान आपोआप खाली गेली. जाळं जणू त्यानंच फाडलं होतं.

नानासो कवठे महांकाळचा. घरची द्राक्षबाग होती, पण माणसाला हातातलं कधी पुरतं का? बिरदेवाच्या गावचा पाझर तलाव त्यानं माशांसाठी ठेक्यानं घेतला होता. जत तालुक्याच्या त्या माळावर पूर्वी चैत्रात तलावाच्या तळाला भेगा पडायच्या. उपसा योजनेचं पाणी कालव्यानं आल्यापासून तो बारा महिने ओला राहत होता. गेल्या पावसाळ्यात नानासोनं रोहू-कटल्याची बोटभर पिलं सोडली आणि राखणीला बिरदेवाला ठेवलं. भरावावर पत्र्याचं खोपट, महिन्याचा पगार आणि हिवाळा-उन्हाळा एकाच जागी मुक्काम. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेल्या घराला ह्यातलं शेवटचंच मोठं अप्रूप होतं.

पण कालव्याच्या पाण्यानं मासे आणले तसा त्यांचा काळही आणला. शिवडा. अंगावर खवला नाही, तोंड फाटकं, दोन्हीकडं लांबलचक मिशा आणि जबड्यात करवतीसारखे दात. वर्षभर त्यानं तलावात जेवणावळी उठवल्या होत्या. जाळ्यानं तो सापडेना, कारण तलाव कोरडा असताना आत बाभळी माजल्या होत्या. पाणी चढल्यावर गावानं वरच्या फांद्या तोडून नेल्या आणि खोडं पाण्याखाली तशीच राहिली. जाळं त्यांत अडकायचं आणि फाटायचं. कृष्णाकाठचे भोई दोरीला गळ लावून बघून गेले होते. शिवडा गळाला लागायचा, दोरीसकट खोडांत घुसायचा, वेढा मारायचा आणि दोरी तोडून मोकळा व्हायचा. जाताना त्यांच्यातला म्हातारा म्हणाला होता, की ह्याला रॉड पाहिजे, रीळ पाहिजे, खोडांत शिरायच्या आधी तोंड फिरवता आलं पाहिजे. आणि तलावाच्या काठी रोज बसणारा माणूस पाहिजे.

नानासोनं बोलायला फार वेळ घेतला नाही.

"बिरदेव, बघ गड्या. मिरगापतोर त्यो भायेर निघाला तर मी माशांचं नवं बी सोडतो. न्हाई तर ठेका सोडला. मग राखण तरी कशाची करायची?"

तो वाईट माणूस नव्हता. फटफटीवर बसताना त्यानं मंगलकडं बघून पोरगीचं शिक्षण कसं चाललंय तेही विचारलं. ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मंगलला वाटलं.

मंगल ही बिरदेवाची बायको. पोरगी म्हणजे राणी, जतच्या कॉलेजात अकरावीला. एस.टी.नं जायची, एस.टी.नं यायची आणि नर्स व्हायचं म्हणायची. बिरदेवाची मेंढरं यंदा त्याच्या थोरल्या भावानं, कोंडीबानं, आपल्या कळपात नेली होती. तलावाचं काम गेलं की दिवाळीनंतर बिरदेवालाही बिऱ्हाड घेऊन वाड्याबरोबर निघावं लागणार होतं. हा वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. उसाच्या फडाकडेला, कुणाच्या तरी रानात, आभाळाखाली पडणारा मेंढरांचा आणि माणसांचा तळ. तिथं वयात आलेली पोरगी न्यायची नाही आणि मागं एकटी ठेवायची नाही. मग एकच वाट उरते. मंगल स्वतः त्याच वाटेनं आली होती. सातवीचं पुस्तक तिनं सासरी येताना पिशवीत टाकलं होतं आणि पहिल्याच पावसात त्याचा लगदा झाला होता. कोंडीबानं कुंडलच्या बाजूचा एक मुलगा बघूनही ठेवला होता. सासू भामाबाईला तो पसंत होता. सासू घरातली मोठी होती आणि तिची पसंती ही आजवर कधी नुसती पसंती राहिली नव्हती.

त्यामुळं घरी मागं राहिलेला एक मेंढा विकून नवरा-बायको मिरजेला गेली.

दुकान काचेचं होतं. बिरदेवानं वहाणा बाहेर काढल्या. आत चष्मेवाला तरुण मालक होता, त्याला कुणीतरी आतून सौमित्र म्हणून हाक मारली. त्यानं दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि साहेबांसाठी काही न्यायचं आहे का, असं विचारलं. बिरदेव गोंधळला. मंगल म्हणाली, साहेब-बिहेब कुणी नाही, आम्हालाच पाहिजे, शिवडा धरायचाय. मग त्या पोराचा चेहरा बदलला. त्यानं दोघांना स्टुलावर बसवलं, तलाव केवढा, खोल किती, तळाला काय आहे, सगळं विचारून घेतलं. खोडांचं ऐकल्यावर त्यानं सुरुवातीला काढलेले लांब, लवलवते रॉड परत ठेवून दिले.

काठी निवडायची म्हटल्यावर बिरदेवाला जरा धीर आला. जन्म काठीवर गेलेला माणूस. त्यानं एकेक रॉड हातात घेऊन तोल बघितला, बूड जमिनीला टेकवून शेंड्यावर भार दिला, डोळ्यांशी धरून सरळपणा पाहिला. शेवटी आखूड, जाड बुडाचा, शेंड्याला जेमतेम वाकणारा एक काढला. सौमित्रनं मान हलवली. हाच हवा, म्हणाला, मऊ रॉड मासा दमवतो, पण तुम्हाला दमवायला जागाच नाही, तुम्हाला तो रोखायचा आहे.

रिळापाशी गाडं अडलं. रीळ चांगलं थोरलं, लोखंडी, हातात वजन लागणारं होतं. बाजूला एक चक्री होती. सौमित्रनं दोराचं टोक मंगलच्या हातात दिलं आणि ओढा म्हणाला. तिनं ओढलं तसा कर्रर्र आवाज करत दोर सुटत गेला. चक्री आवळली की जड सुटायचा, सैल केली की हलका.

"मंजी ह्ये सोडतंय?" बिरदेवानं विचारलं.

"सोडायलाच हवं. मासा जोरात पळाला की थोडं द्यायचं, थांबला की गुंडाळायचं. नाहीतर काहीतरी तुटणार."

बिरदेवाचा चेहरा मिटला. दुसऱ्याच्या गावातून कळप काढताना कुणी अडवलं की तो असा मिटायचा, हे मंगलला माहीत होतं.

दोर निवडताना मात्र तोच पुढं झाला. त्यानं सगळ्यांत जाड नायलॉनचा तंगूस उचलला. डोळ्यांना दिसणारा, मुठीत भरणारा. सौमित्र म्हणाला की तंगूस रबरासारखा ताणतो, तो ताणून होईपर्यंत मासा खोडांत पोचेल. त्यानं दुसरी गुंडाळी पुढं केली. हिरवा, सुतासारखा बारीक दोर. बिरदेवाला हसू आलं. ह्यानं करडू तरी बांधता येईल का, असं तो म्हणाला. मंगलनं दोराचं टोक बोटांच्या चिमटीत घेतलं आणि फिरवून बघितलं. लग्नाआधीपासून लोकर कातलेली बोटं ती. कुठला धागा नुसता वळलाय आणि कुठला एकमेकांत गुंफलाय, हे तिला डोळे झाकून कळायचं. हा गुंफलेला होता, घट्ट, कुठं गाठ नाही, कुठं पोकळ नाही.

"ह्योच घ्या," ती म्हणाली. "जाडीवर जाऊ नगा. ह्यो तुटायचा न्हाई."

"नाहीच तुटणार, मावशी," सौमित्र म्हणाला. "पण नुसत्या हातानं धरायचा नाही हं हा. कापतो."

हे त्यानं सामान बांधता बांधता सांगितलं. गळाच्या वर तारेचा तुकडा लावा, नाहीतर दातांनी कुरतडेल, हेही सांगितलं. बिरदेवानं दोन्हीला सारखीच मान डोलावली.

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बिरदेव माळावर रॉड फेकायचा सराव करायला लागला. गळाच्या जागी दगड बांधायचा आणि कापलेल्या ज्वारीच्या धसकटांत फेकायचा. पारावरची माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची. जोतिबा म्हणून भावकीतलाच एकजण होता, त्यानं विचारलं की माळावर मासं घावत्यात का रं. दुसरा म्हणाला, आपल्या बिरुबा देवाला आता बोकडाऐवजी झिंगा कापायचा का. माणसं हसली. बिरदेव दगड फेकत राहिला. भामाबाई खोपटाच्या दारात बसून हे सगळं ऐकत होती. मेंढपाळाचं पोर पाण्याकडं तोंड करून बसतंय, असं ती दिवसातनं एकदा तरी मोठ्यानं म्हणायची, म्हणजे सुनेला ऐकू जावं.

एक दिवस संध्याकाळी बिरदेवानं पक्कड आणली आणि रिळाची चक्री आवळली. हातानं आवळून झाल्यावर पक्कडीनं आवळली. मंगल गवत सोडून आली.

"आवं, दुकानदारानं काय सांगितलं? थोडं सोडायचं म्हनला न्हवं त्यो?"

"त्येला काय जातंय सांगायला. सैल दाव्यानं कदी जनावर राहिलंय व्हय? खोडं हितनं चार काठ्यांवर हायती. त्येला सोडायला जागा कुठं हाय?"

तिला पटलं नाही आणि पटलंही. दुकानदार नदीचा विचार करून बोलला असेल. इथं पाणी थोडं आणि खोडं फार. शिवाय जनावर धरायचं ते धरूनच ठेवायचं, हे तिच्याही अंगात मुरलेलं होतं. हिसके मारणारा मेंढा असला की दोर तळव्याला वेढे घेऊन धरायचा, पाय रोवायचे आणि तो दमेपर्यंत सोडायचा नाही. मूठ उघडली की मेंढा गेला. हे शिकवावं लागत नाही, धनगराचं पोर बघून बघून शिकतं. ती परत गवताकडं गेली.

मग नुसती वाट. सकाळी फटफटायच्या सुमाराला आणि दिवस कलल्यावर बिरदेव काठावर बसायचा. गळाला कधी कोंबडीचं आतडं, कधी लहान मासा. वैशाखाच्या उन्हानं पाणी हटत चाललं, खोडांचे शेंडे वर आले. मधल्या वेळी दगडाला बसून त्याच्या मांड्या भाजायच्या. शिवडा एकदा दिसला. पाण्यावर काळी पाठ आली, शेपटीचा फटकारा बसला आणि लाटा काठाला येऊन लागल्या. गळ त्यानं घेतला नाही. नानासो आठवड्याला येऊन विचारून जायचा. कोंडीबाचा फोन यायचा आणि भामाबाई फोन कानाला लावून उठून लांब जायची. राणी काहीच विचारायची नाही. ती परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच पुढच्या वर्षाची पुस्तकं मैत्रिणीकडून मागून आणून बसली होती.

मिरीग तोंडावर आला आणि एका सकाळी शिवड्यानं गळ घेतला.

मंगल भरावाच्या उतारावर गवत कापत होती. तिला आधी बिरदेवाची हाक नाही ऐकू आली, रॉडचा आवाज ऐकू आला. वाळकी फांदी मोडावी तसा. ती वळली तेव्हा रॉड मधोमध मोडला होता. रीळ गच्च, एक बोटभर दोर सोडत नव्हतं, आणि आत दोर दोरात रुतून बसला होता. बिरदेवानं बुडखा टाकून दिला. जे कुठल्याही मेंढपाळानं केलं असतं ते त्यानं केलं. पुढं वाकून दोर उजव्या हातात घेतला, तळव्याला झपाझप वेढे दिले, टाचा चिखलात रोवल्या आणि मागं रेलला.

पण पलीकडं मेंढा नव्हता आणि हातात सुंभ नव्हतं.

मंगल विळ्यासकट धावत पाण्यात उतरली. दोर तारेसारखा ताणलेला, त्यावरून पाण्याचे थेंब उडत होते. बिरदेवाच्या मुठीतून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तिनं विळा दोराला लावला.

"कापू नगंस," तो ओरडला. "वळतंय त्ये. वळतंय."

खरंच वळत होतं. खोडांकडं गेलेला मासा तोंड फिरवून उघड्या पाण्याकडं येत होता. तिनं विळा मागं घेतला. मग मासा खाली बसला आणि त्यानं पुन्हा हिसका दिला. बिरदेव गुडघ्यांवर आला. दोर त्याच्या बोटांत जात होता, कणकेत दोरा जातो तसा. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. ह्या वेळी तो ओरडला नाही. अगदी हळू, जवळजवळ घरातल्यासारखं म्हणाला.

"मंगल, काप."

तिला ऐकू आलं. त्यात काही शंका ठेवायला नको. वारा नव्हता, ती हातभर अंतरावर होती आणि विळा तिच्या मुठीत होता. मासा काठापासून एका लुगड्याच्या लांबीएवढ्या अंतरावर राहिला होता. तिच्या डोळ्यांपुढं राणी आली, नवऱ्याचा हातही आला, आणि ह्या दोन्हींत तिनं निवड केली. नंतर तिनं स्वतःला कितीही समजावलं तरी ती निवडच होती. तिनं विळा दातांत धरला, पदर हाताला गुंडाळला आणि बिरदेवाच्या पुढं जाऊन दोर धरून ओढायला लागली. शेंडी तुटो की पारंबी. छातीइतक्या पाण्यात मिशांचं ते तोंड वर आलं तेव्हा तिनं विळा त्याच्या डोक्यात घातला, पुन्हा घातला, हालचाल थांबेपर्यंत घातला.

मासा काठावर आला. माणसाच्या लांबीचा होता.

दोर बिरदेवाच्या हातातून सोडवताना दिसलं, की तो मांस कापत आत गेला होता. दोन बोटांपाशी तो हाडावरच थांबला होता. जतच्या डॉक्टरनं हात फडक्यात गुंडाळून मिरजेला पाठवलं आणि मिरजेत दोन्ही बोटं काढून टाकली. अंगठ्याशेजारची दोन. तिसरं राहिलं, पण वाकत नव्हतं.

नानासो शब्दाला जागला. दवाखान्याचा खर्च त्यानं बराचसा उचलला, पगार चालू ठेवला आणि पहिल्या पावसानंतर बीही सोडलं. शिवड्याला दोन्ही हातांनी उचललेला त्याचा फोटो बरेच दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. राणी बारावीला जायला लागली. कुंडलच्या मुलाला दुसरी मुलगी मिळाली. म्हणजे जे पाहिजे होतं ते सगळं झालं. मंगलला त्यात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, एवढंच.

आषाढात कोंडीबा वाडा घेऊन परतला आणि लोकर कातरायचं काम निघालं. दरवर्षी हे काम बिरदेवाचं. आसपासच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. मेंढरू मांडीवर घेतलं की तोंडानं चुचकारत तो कातर अशी फिरवायचा, की लोकरीचं आख्खं घोंगडं सोलून निघावं आणि कातडीला ओरखडा नसावा. ह्या वेळी त्यानं डाव्या हातात कातर घेतली. पहिल्याच मेंढराच्या पोटाला चीर पडली. मेंढरू धडपडलं, त्याला आवरायला उजव्या हातात पकड नव्हती. दुसरी चीर पडल्यावर भामाबाई उठली. तिनं पोराच्या हातातली कातर काढून घेतली आणि कोंडीबानं आणलेल्या मजुराच्या हातात दिली. बिरदेव उठून बाजूला उभा राहिला. चार माणसांनी बघायचं नाही म्हणून दुसरीकडं बघितलं.

मग दुपारी भाकरी खाताना भामाबाईच्या पोटातलं ओठावर आलं. सून वाढत होती तरी ती कोंडीबाशीच बोलली.

"इळा हिच्या हातात व्हता. गवात कापत व्हती न्हवं? मग येक दोर कापाया हिचा हात का उचलला न्हाई, ह्ये मला कुनी सांगा."

मंगलच्या हातातली परात तशीच राहिली. कोंडीबा भाकरी मोडत राहिला. राणी ताटावर वाकली होती, ती वर बघायला लागली.

"आये, मीच म्हनलो कापू नगंस," बिरदेव म्हणाला. "मी ओरडलो तिच्यावर. तिची काय चूक न्हाई त्यात."

पोराच्याच हट्टानं झालं म्हटल्यावर भामाबाईनं आपली भाकरी पुढं ओढली. राणीनं पुन्हा खाली बघून घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी एस.टी. गाठायला निघून गेली. भामाबाई मेंढरांकडं होती. बिरदेव खोपटात सदरा घालून उभा होता, रोजच्यासारखा, छाती उघडी टाकून. मंगल समोर आली, पण तिचे हात वर जाईनात.

"तुमी काप म्हनला व्हता," ती म्हणाली. "दुसऱ्या खेपेला. मला ऐकू आलं व्हतं."

बिरदेवानं तिच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर तिनं तो आनंदानं घेतला असता. तो दाराबाहेर बघायला लागला. तिथं तलावात नवं बी पाण्यावर येऊन तोंडं मारत होतं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "बटनं लाव."

तिनं वरच्या बटणापासून सुरुवात केली.